वऱ्हाडातल्या बंगालीबाई

बदनेऱ्याला गाडी थांबली तेव्हा नुकतं उजाडलं होतं. आमच्या डब्यातून उतरणारी मी एकटीच. डिसेंबरचे दिवस. हवेत कोरडी, नाकाला झोंबणारी थंडी होती, आमच्या कृष्णाकाठच्या दमट थंडीहून अगदी वेगळी. बॅग फलाटावर ठेवली आणि सवयीने मागे वळून पाहिलं. आजवर कुठल्याही स्टेशनवर उतरले की मागून वसंतरावांचा आवाज यायचा, "पाण्याची बाटली घेतलीस का?" मागे कोणी नव्हतं. गाडी हलली आणि मग लक्षात आलं, बाटली सीटवरच राहिली.

बदनेरा हे अमरावतीचं मोठं स्टेशन. तिथून शहरात जायला रिक्षा. रिक्षावाल्याने माझी बॅग उचलत विचारलं, "कुठसा जायचं हाय, माय?" (कुठे जायचं आहे?) माय म्हणजे आई. वऱ्हाडात कुठल्याही वयस्क बाईला माय म्हणतात. घर सोडल्यापासून माझ्याशी कोणी बोललेलं ते पहिलं वाक्य होतं, आणि ते मला बरं वाटलं.

कऱ्हाडहून एकटी बाई अमरावतीला कशाला निघाली, हे घरी कोणालाच कळत नव्हतं. बंगळुरूची मुलगी म्हणाली होती, "आई, बाबांना जाऊन वर्ष झालं. घरात बसू नकोस, काशीला जा, केरळला जा." मी शाळेत भूगोल शिकवत असे, त्यामुळे नकाशावर सगळीकडे जाऊन आले आहे, पण प्रत्यक्ष जायचं म्हटल्यावर मला एकच ठिकाण सुचलं, आणि तिथे पाहण्यासारखं असं काही नव्हतं. तिथे एक बाई राहत असतील, एवढंच मला वाटत होतं.

त्या बाई म्हणजे मृणालिनी भादुडी. खूप वर्षांपूर्वी गणेशोत्सवात आमच्या गावातल्या शाळेच्या सभागृहात त्यांचं गाणं झालं होतं. बंगालच्या गायिका, पण अमरावतीकडे राहतात, असं सूत्रसंचालकाने सांगितल्याचं आठवतं. वसंतराव पोस्टात नोकरीला होते आणि गाण्याचे वेडे होते. ते पहिल्या रांगेत टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन बसले. बाईंनी बिहाग गायला आणि शेवटी एक बंगाली कीर्तन. ती कॅसेट आमच्या घरात कायम वाजत राहिली. पुढे भाच्याने ती माझ्या फोनमध्ये घालून दिली.

वसंतराव गेल्यावर मी ते गाणं रोज ऐकू लागले, आणि खरं सांगायचं तर गाण्यासाठी नाही. बिहागच्या मध्यावर एका जागी त्यांचा आवाज आला आहे. "वा." बस, एवढंच. त्यांच्या आवाजाचं घरात दुसरं काहीही नाही. व्हिडिओ काढताना फोन नेहमी त्यांच्याच हातात असायचा, त्यामुळे सगळ्यांचे आवाज आहेत, त्यांचा नाही. त्या एका शब्दासाठी मी अख्खं गाणं लावायची. असं ऐकता ऐकता एके दिवशी मनात आलं, ज्या बाईच्या गाण्यामुळे हा शब्द माझ्याकडे उरला, ती बाई आता कुठे असेल? तिच्याकडे तरी हे गाणं असेल का?

भाच्याने इंटरनेटवर शोधलं. बाईंबद्दल काहीच सापडलं नाही. फक्त अमरावतीच्या राजापेठेतल्या एका गायनवर्गाच्या जाहिरातीत 'मृणालिनीबाईंच्या शिष्या' असं लिहिलेलं आढळलं. तेवढ्या धाग्यावर मी निघाले होते.

राजापेठ म्हणजे शिकवण्यांचं गाव. इमारतींवर पहिल्या आलेल्या मुलामुलींचे हसरे फोटो, खाली दुचाक्यांच्या रांगा, आणि दर थोड्या वेळाने एखाद्या जिन्यातून भडाभडा उतरणारी पोरं. लॉजवर बॅग टाकून मी आधी पोटाची सोय केली. कोपऱ्यावरच्या गाडीवर गिला वडा (दह्यात बुडवलेला उडदाचा वडा, वरून चटणी) खाल्ला. थंडीत सकाळी सकाळी गार दही खाणारी मी एकटीच असेन असं वाटलं होतं, पण गाडीभोवती गर्दी होती. सगळे दोघे-तिघे मिळून आलेले. मी प्लेट हातात धरून भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. एकटीने उभ्याने खायची सवय नाही मला.

गायनवर्ग गणिताच्या एका शिकवणीच्या वरच्या मजल्यावर होता. चालवणारी मंजिरी चाळिशीची, चष्मेवाली, बोलायला मोकळी. बाईंचं नाव काढताच तिने समोरच्या मुलींना सुट्टी देऊन टाकली.

"बाई कृष्णनगरच्या," ती सांगू लागली. "वडील शाळेत मास्तर होते. गळा पाहून त्यांनी मुलीला कोलकात्याला एका उस्तादांकडे ठेवलं. विशीत बाईंचं नाव झालं होतं. मोठ्या मोठ्या संमेलनांत गायच्या. एकदा मुंबईच्या कार्यक्रमाला जाता जाता इथल्या गणपतीत गायला उतरल्या, आणि तबल्याला गजाननराव बसले. अचलपूरकडचे, संत्र्याच्या बागा होत्या घरच्या. वर्षभरात लग्न झालं."

"मग गाणं सुटलं?"

"सुटलं नाही. अचलपूरहून एसटीने बदनेऱ्याला येऊन रेल्वे पकडायच्या, दोघं मिळून. पण कोलकात्याचे लोक म्हणायचे, त्या आता महाराष्ट्राच्या झाल्या. आणि पुण्या-मुंबईचे म्हणायचे, अचलपूर? हे कुठे आलं? बोलावणी कमी होत गेली. तरी गात होत्या. मग गळ्यात गाठ झाली. ऑपरेशन केलं नसतं तर जीव गेला असता. आवाज जाईल हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तसंच झालं."

मंजिरी बाईंकडे आली ती त्यानंतर. बाई हातवाऱ्यांनी शिकवायच्या. हात वर गेला की स्वर वर, बोटं थरथरली की आंदोलन. पेटीवर एक जागा दाखवायच्या आणि मुलीने ती गळ्यातून काढेपर्यंत थांबायच्या.

"आम्ही त्यांचं गाणं कधी ऐकलंच नाही," मंजिरी म्हणाली. "आमच्या गुरूचा आवाज कसा होता, हे आम्हाला ठाऊक नाही."

मी पर्समधून फोन काढला. "माझ्याकडे आहे. ऐकवू?"

तिचा हात पुढे आला आणि तसाच थांबला. खालून गणिताच्या सरांचा आवाज येत होता. ती उठली, खिडकी लावली, परत येऊन बसली, आणि म्हणाली, "नको. त्यांच्या घरात त्या कोणाला जुनं काही लावू देत नसत. त्यांना विचारल्याशिवाय मी नाही ऐकणार. तुम्ही विचारा. त्या हो म्हणाल्या तर मला पाठवा."

बाईंना भेटून तिला तीन-चार वर्षं झाली होती. त्यांच्याकडे फोन नाही. अचलपूरला बागेतल्या घरीच असतील, असं तिला वाटत होतं. निघताना तिने विचारलं, "तुम्ही एकट्याच जाणार?" मी हो म्हणाले. आता या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला वेळ लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीने निघाले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळीभोर जमीन, वेचणीला आलेला पांढरा कापूस, मधूनच तुरीचे पिवळे पट्टे, आणि उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ. वर्गात मी ही रेघ खडूने कितीदा काढली होती. ती खरोखरच निळी असते हे आता कळलं, आणि सांगायला शेजारी एक झोपलेला माणूस होता. जरा वेळाने माझाही डोळा लागला. जाग आली ती परतवाड्याच्या स्टँडवर. अचलपूर आणि परतवाडा ही जुळी गावं, पण मला उतरायचं होतं ते अचलपूर मागे पडलं होतं. कंडक्टर म्हणाला, "म्या दोनदा आवाज देल्ला, बाई. तुमी उठल्याच नाही." रिक्षाने मागे येऊन जुन्या वेशीतून अचलपुरात शिरले आणि विचारत विचारत गावाबाहेरच्या बागेपाशी पोचले.

झाडं संत्र्यांनी वाकली होती. फांद्यांना बांबूचे टेकू दिले होते. अंगणात एक वृद्ध बाई उन्हाला पाठ देऊन तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्या गजाननरावांच्या धाकट्या भावाच्या पत्नी, कमलाबाई. माझं नाव-गाव ऐकून त्यांनी एक पाट पुढे सरकवला.

"बसा. मृणाल वहिनी इथं नाही आता. अकोल्याले गेल्या. मी सांगतो तुमाले समदं, पण आधी पानी प्या."

इकडच्या बायका 'मी सांगतो', 'मी जातो' म्हणतात, आमच्या कऱ्हाड-कोल्हापूरकडच्यासारखंच. घरचं काही भेटल्यासारखं झालं.

मला वाटलं होतं, सासरी गाण्याला विरोध झाला असेल. तसं काही नव्हतं. कमलाबाई हसल्या. "आमच्या सासूबाई पहाटे उठून वहिनीले चहा करून देत. गाववाले म्हणत, सून गाते काय? त सासूबाई म्हणत, गाते त तुमचं पोट काहून दुखते? मीबी सून होतो ना. मले नाही कधी कोणी चहा देल्ला." हे त्यांनी तक्रार म्हणून नाही, गंमत म्हणून सांगितलं, तरी शेंग सोलणारी बोटं जरा थांबली.

मग त्यांनी मासळीची हकीकत सांगितली. घरात कांदाही बेताने खाणारी माणसं, आणि सून मासळीवर वाढलेली. सुनेने कधी मागितली नाही. एका दिवाळीत माहेराहून कोणी आलं नाही म्हणून ती दिवसभर अबोल होती. सासूबाईंनी नदीवरून मासळी मागवली, परसात तीन दगडांची चूल मांडली आणि कधी न केलेलं काम करायला बसल्या. खवले काढताना हात कापून घेतला. वाट्टेल तसा मसाला घातला. "कशी झाली होती कोन जाने. वहिनी जेवता जेवता रडून राहिली होती, अन् सासूबाई म्हणून राहिल्या होत्या, तिखट झाली काय वं?"

गळ्याचं ऑपरेशन झाल्यावर सासूबाई फार दिवस जगल्या नाहीत. गजाननराव मात्र राहिले. त्यांनी तबला बंद करून गवसणी घातली ती कधी काढली नाही, असं कमलाबाई म्हणाल्या. बाईंनी पुष्कळ सांगितलं, वाजवा. पण ते म्हणत, कोणाबरोबर वाजवू? चार वर्षांपूर्वी तेही गेले. त्यानंतर गावातल्या मुली गाण्याला येईनाशा झाल्या. मग गजाननरावांची भाची वनिता त्यांना अकोल्याला घेऊन गेली. वनिताच्या लेकीला गायचं होतं.

"इथं काय कमी होतं त्यायले?" मी विचारलं, आणि माझ्या तोंडून 'त्यायले' गेलेलं ऐकून आम्ही दोघीही हसलो.

"कमी काई नव्हतं," कमलाबाई म्हणाल्या. "पण मी त्यायच्यासंग काय बोलू? मी बोलतो त तुरीचं, संत्र्याचं. थ्या ऐकत, हो हो म्हणत. मंग एक दिवस पायलं त झाडाखाली बसून हात हलवून राहिल्या होत्या. समोर कोणी नाही. शिकवून राहिल्या होत्या."

दुपारी त्यांनी मला रोडगे (गोवऱ्यांच्या आरात भाजलेले कणकेचे गोळे) आणि वांग्याची भाजी वाढली. तूप इतकं की हाताला ओघळलं. निघताना पदरात संत्री घातली आणि अकोल्याचा पत्ता तोंडी सांगितला: जुनं शहर, मोर्णेच्या पलीकडे, फुलबाजाराची गल्ली, वनिताचं दुकान कोणीही दाखवेल.

अंजनगाव, अकोट करत दुसरी एसटी संध्याकाळी अकोल्याला पोचली. एक रात्र लॉजवर काढून सकाळी मोर्णेचा पूल ओलांडला. नदीपेक्षा जलपर्णीच जास्त दिसत होती. पलीकडे जुन्या शहराच्या गल्ल्या सुरू झाल्या. इतक्या अरुंद की समोरून हातगाडी आली तर दुकानाच्या पायरीवर चढून उभं राहावं लागे. अत्तराची दुकानं, मिरचीची पोती, आणि मग एकदम झेंडू-शेवंतीचा ओला वास. वनिता दुकानात हार ओवत बसली होती. पन्नाशीची, हातात सुई. माझं बोलणं ऐकून तिने वर बोट केलं.

"मामी वर हायत. पण गाण्याचं नका काढू बरं. चिडतात."

जिना चढून गेले. खोली लहान, स्वच्छ. खिडकीपाशी शाल पांघरून एक कृश बाई बसल्या होत्या. केस पांढरेशुभ्र, कपाळ रुंद. मला सभागृहातल्या दिव्यांखाली दिसलेली हिरव्या साडीतली गायिका आठवत होती. डोळे मात्र तेच होते.

"या. बोसा," त्या म्हणाल्या.

मी तयारीने गेले होते, तरी दचकले. तो आवाज नव्हताच, नुसती हवा होती, कागद सरकवल्यासारखी. त्यात वऱ्हाडी शब्द आणि त्यांवर बंगाली वळण.

"काहून आल्या एवढ्या दुरून?"

मी सगळं सांगितलं: शाळेचं सभागृह, बिहाग, कॅसेट. त्या ऐकत राहिल्या. कऱ्हाड त्यांना आठवलं. "तिथं नदी हाय. दोन नद्या. गाण्याच्या आधी पायल्या होत्या आम्ही." मग मी म्हणाले, "ते गाणं मी आणलंय. तुमच्यासाठी."

त्यांनी मान हलवली. "मले नाही ऐकाचं."

"एकदा तरी..."

"मेल्या माणसाचा आवाज कायले ऐकाचा?" त्या शांतपणे म्हणाल्या. राग नव्हता त्यात. ही गोष्ट त्यांनी स्वतःशी कधीच मिटवून टाकलेली दिसत होती.

मी उठायला हवं होतं. पण तोंडून निघून गेलं, "मी रोज ऐकते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मला वसंतरावांविषयी सांगावंच लागलं. त्या एका शब्दाविषयी. कऱ्हाडला मी हे कोणाशीही बोलले नव्हते, मुलीशीसुद्धा नाही. म्हातारपणी बाई वेडी झाली म्हणतील, अशी भीती वाटायची. खाली वनिता कोणाशी तरी शेवंतीच्या भावाची घासाघीस करत होती. बाई शाल सावरून बसल्या.

मग त्या म्हणाल्या, "लावा."

तंबोरे सुरू झाले आणि लगेच त्यांनी भुवया उंचावल्या. "एक तंबोरा उतरला हाय." मग आवाज आला. भरदार, थोडा खालच्या अंगाचा, सावकाश उलगडत जाणारा. मी त्यांच्याकडे पाहायचं टाळत होते. त्या मात्र डोळे उघडे ठेवून, एखाद्या शिष्येची परीक्षा घ्यावी तशा ऐकत होत्या. एका तानेवर तोंड वाकडं केलं. "हे काय? उगाच. लोकायनं टाळ्या द्याव्या म्हणून." तबल्याची लय चढली तशी त्यांची बोटं गुडघ्यावर पडू लागली, पण गाण्यावर नव्हे, तबल्यावर. "घाई करून राहिले," त्या पुटपुटल्या. "नेहमीच. किती सांगितलं." तेव्हा मला कळलं की त्या आता स्वतःला ऐकतच नव्हत्या. त्या गजाननरावांना ऐकत होत्या.

मग ती जागा आली. "वा."

बाईंनी हात वर केला. मी गाणं थांबवलं.

"हेच?"

"हो."

"परत लावा." मी थोडं मागे नेऊन लावलं. त्या हसल्या. न वाजणारं हसू, नुसते खांदे हलले. "सम यायच्या आधीच वा म्हणून टाकला. घाईचा मानूस होता काय?"

"सगळ्याच बाबतीत," मी म्हणाले, आणि मला रडू आलं. वर्षभरात आलं नव्हतं तितकं आलं. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. गप्प बस म्हणाल्या नाहीत, पाणी दिलं नाही. ते मला फार आवडलं.

शेवटचं कीर्तन लावलं तेव्हा त्यांचे ओठ शब्दांबरोबर हलू लागले. दुसऱ्या कडव्याला ओठ थांबले. फोनमधला आवाज पुढे जात राहिला आणि त्या कपाळाला आठ्या घालून पाहत राहिल्या, जणू कोणी ओळखीचं समोरून निघून गेलं आणि नाव आठवेना. गाणं संपल्यावर म्हणाल्या, "हे शब्द मी इसरलो." आणि मग, "घरात कोणाले बंगाली येत नाही ना. कोणासंग बोलाव?"

हे गाणं झालं त्याच वर्षी ऑपरेशन झालं, हे त्यांनी तेव्हा सांगितलं. कऱ्हाडला त्या गायल्या तेव्हा गाठ कळली होती. त्यानंतर अमरावतीला एक मैफल, आणि मग संपलं. "म्हणून तुमच्या गावी नद्या पायल्या," त्या म्हणाल्या. "हे म्हणाले, आता फिरणं होणार नाही, पाहून घे."

मी मंजिरीचं विचारलं. त्यांनी खिडकीबाहेर पाहत मान हलवली. "पाठवा. पण सांगा तिले, ते तान घेऊ नको म्हणाव. बाकीचं घे."

त्या दिवशी वनिताने मला लॉजवर परत जाऊ दिलं नाही. ज्वारीची भाकरी, ठेचा, लसणाची चटणी आणि कढी. संध्याकाळी तिची लेक गायला बसली तेव्हा मी कोपऱ्यात होते. बाईंचा हात हवेत वर गेला, थांबला, हलकेच खाली आला, आणि त्या मुलीच्या गळ्यातून नेमकी तीच चाल निघाली. मी बिहाग इतक्यांदा ऐकला आहे की ती जागा ओळखू शकले.

दुसऱ्या दिवशी माझी परतीची गाडी हावड्याहून पुण्याला जाणारी होती. बाई म्हणाल्या, "मी येतो ठेसनवर." वनिता म्हणाली, गुडघे दुखतील. बाईंनी ऐकलं नाही. इस्त्रीची साडी नेसल्या, केस विंचरले. मला वाटलं माझ्यासाठी चालल्या आहेत. थोड्या माझ्यासाठीही होत्याच.

दिवेलागण झाली होती. गाडी आली. माझ्या खिडकीच्या शेजारी एक मध्यमवयीन बाई बसली होती, हातात शंखाच्या बांगड्या, डब्यातून लाह्यांचं काहीतरी काढून नवऱ्याला देत होती. मी चढून बसेपर्यंत मृणालिनीबाई खिडकीशी आल्या होत्या आणि तिच्याशी बोलू लागल्या होत्या. बंगालीत. कुठून आलात, कुठे निघालात, एवढं मला अंदाजाने कळलं. ती बाई अदबीने, सावकाश उत्तरं देत होती. बाईंचा तो हवेचा आवाज फलाटाच्या गलक्यात बुडत होता, म्हणून त्यांनी खिडकीचे गज धरून मान आत वाकवली होती. मधूनच शब्दासाठी अडखळत होत्या. मग त्या बाईने हसून काहीतरी विचारलं. मृणालिनीबाई दोनच शब्द बोलल्या. आणि गाडी हलली.

त्यांनी मला हात केला. मी खिडकीतून पाहत राहिले. वनिता त्यांचा दंड धरून उभी होती. फलाट संपेपर्यंत त्या दिसत होत्या.

मी शेजारणीला हिंदीत विचारलं, तुम्ही त्यांना शेवटी काय विचारलंत?

"मी म्हटलं, आपनि तो खूब भालो बांग्ला बोलेन, कोथाय शिखलेन?" ती म्हणाली. (तुम्ही फार छान बंगाली बोलता, कुठे शिकलात?) "त्या म्हणाल्या, मायेर काछे." (आईजवळ.) मग तिचाच चेहरा उतरला. "त्या बंगाली होत्या का? मला वाटलं, इथल्याच असतील."

"इथल्याच आहेत," मी म्हणाले. दोघीही खिडकीबाहेर पाहू लागलो. बाहेर काळोख होता आणि लांब कुठेतरी एखादा दिवा.

कऱ्हाडला येऊन आता महिना झाला. लोक विचारतात, वऱ्हाडात काय पाहिलंस? मी एकही देऊळ पाहिलं नाही, किल्ला पाहिला नाही. कापूस पाहिला, संत्री खाल्ली, एवढंच सांगते. मंजिरीला गाणं पाठवलं होतं. तिचं उत्तर आलं, ऐकलं म्हणून. पुढे काही लिहिलं नव्हतं, आणि मीही विचारलं नाही.

बाई मधूनमधून वनिताच्या फोनवरून बोलतात. त्यांचा आवाज फोनवर नीट ऐकू येत नाही, फोन कानाशी अगदी दाबून धरावा लागतो. परवा त्यांनी विचारलं, "तुमच्या घरी आता कोन हाय?"

"कोणी नाही," मी म्हणाले.

"इथं लय लोकं हायत," त्या म्हणाल्या. "तरी सांगतो तुमाले, माह्यंबी तसंच हाय."

मग आम्ही दोघींनीही फोन ठेवला नाही. त्यांच्याकडून फुलबाजाराचा गलका येत होता, कोणीतरी शेवंती शेवंती म्हणून ओरडत होतं. माझ्या घरातून त्यांना काय ऐकू येत असेल, कोण जाणे.